पैशांविना पॅरिसमध्ये

निगडी, आकुर्डी, चिंचवड येथील अनेक जैन घरांत एक दृश्य आता नित्याचे झाले आहे. चाकणच्या वाहन कारखान्यात अभियंता असलेला मुलगा आणि हिंजवडीला नोकरीस जाणारी सून पाठीवर सॅक टाकून परदेशी निघतात. सहल कंपनी नाही, सोबत आचारी नाही. आई खाकरे, थेपले, कोरडी चटणी, भाजलेले मुरमुरे असे जे जे टिकेल ते सॅकच्या तळाशी कोंबते आणि रात्री फोन करण्याचे वचन घेते.

पॅरिससारख्या महानगरात पोहोचल्यावर या जोडप्यांची जी त्रेधा उडते, तिच्या कथा परतल्यावर मोठ्या चवीने सांगितल्या जातात. माँमार्त्र टेकडीवरील चर्चच्या पायऱ्यांवर कोणीतरी गोड बोलून मनगटाला रंगीत दोरा बांधतो आणि लगेच पैसे मागतो. गर्दीच्या मेट्रोत पाकीट नाहीसे होते. कांद्याचे सूप हे ज्या शहराचे भूषण, तेथे कांदा-लसूण वर्ज्य असणाऱ्याने काय मागवावे, हा प्रश्न दिवसातून तीनदा पडतो. पासपोर्ट हरवला तर मात्र चेष्टा संपते. प्रथम पोलिसांत तक्रार, मग भारतीय दूतावास. तेथे मिळणारे आपत्कालीन प्रमाणपत्र केवळ मायदेशी परतण्यापुरते असते; पुढचा सारा प्रवास तेथेच थांबतो.

याच पॅरिसमध्ये १९६३ साली दोन भारतीय तरुण पायी चालत पोहोचले होते. त्यांचे पाकीट चोरीला जाण्याचा प्रश्नच नव्हता. दोघांजवळ एक पैसाही नव्हता, आणि ते मुद्दाम.

त्यांपैकी एक सतीशकुमार. राजस्थानातील श्रीडुंगरगढ येथे १९३६ साली जन्मलेले, नवव्या वर्षी आचार्य तुलसी यांच्या तेरापंथ संघात दीक्षित झालेले. अठराव्या वर्षी गांधीविचाराच्या ओढीने त्यांनी मुनिवेश सोडला व पुढे विनोबांच्या भूदान चळवळीत ते सामील झाले. दीक्षात्याग हा समाजात आजही दुःखाचाच विषय आहे आणि तो तसा असणे स्वाभाविकही आहे. परंतु पायी विहार, पैशाला स्पर्श नाही आणि गोचरीवर निर्वाह, ही नऊ वर्षांची शिकवण वेश उतरला म्हणून उतरली नाही. पुणे-नाशिक रस्त्यावर भोसरी ते चाकण, कंटेनरांच्या रांगांशेजारून पहाटे विहार करणाऱ्या महासतीजींना ज्यांनी पाहिले आहे, त्यांना या प्रवासाचे मूळ वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

दुसरे केरळचे ई. पी. मेनन. अण्वस्त्रांच्या निषेधार्थ इंग्लंडचे तत्त्ववेत्ते बर्ट्रांड रसेल यांनी ८९ व्या वर्षी कारावास पत्करल्याची बातमी या दोघांनी बंगळूरच्या एका उपाहारगृहात वाचली. एवढा वृद्ध माणूस तुरुंगात जातो आणि आपण तरुण कॉफी पीत बसतो, याची त्यांना लाज वाटली. तेव्हाच्या चार अण्वस्त्रधारी राष्ट्रांच्या राजधान्यांपर्यंत, म्हणजे मॉस्को, पॅरिस, लंडन व वॉशिंग्टनपर्यंत, पायी जाण्याचे ठरले. कोकणातील गागोद्याचे सुपुत्र विनोबा यांच्याकडे ते आशीर्वादासाठी गेले, तेव्हा विनोबांनी दोन अटी घातल्या : पैसे न्यायचे नाहीत आणि शाकाहार सोडायचा नाही. पैसे असले की थकलेला माणूस उपाहारगृहात जेवतो, हॉटेलात झोपतो आणि सकाळी पुढे निघतो. त्याला कोणाशी बोलावेच लागत नाही. खिसा रिकामा असला की दार ठोठवावे लागते. आणि पुढ्यात आलेले मांस नाकारले की यजमान कारण विचारतोच. मग अहिंसेचा विषय आपोआप निघतो.

१ जून १९६२ रोजी गांधीजींच्या समाधीपासून ते निघाले. पाकिस्तानच्या सीमेवर एका स्नेह्याने जेवणाच्या पुड्या पुढे केल्या. शत्रूचा मुलुख, तेथे कोण खाऊ घालणार, ही त्याची काळजी. सतीशकुमारांनी त्या घेतल्या नाहीत. त्या पुड्यांत अन्नाबरोबर अविश्वासही बांधलेला आहे, असे त्यांना वाटले. सीमा ओलांडताच त्यांच्याविषयी ऐकून त्यांना शोधत आलेला एक पाकिस्तानी गृहस्थ भेटला आणि त्याने लाहोरला आपल्या घरी राहण्याचे आमंत्रण दिले. (यावरून कोणा आईने खाकऱ्याचा डबा कमी करू नये. तिची चिंता वेगळ्या जातीची असते.)

अफगाणिस्तान, इराण, आर्मेनिया, जॉर्जिया. वाटेत चहाच्या कारखान्यातील स्त्रियांनी त्यांना चार पुड्या चहा दिला, चार राजधान्यांतील नेत्यांसाठी. अणुबॉम्बची कळ दाबण्याचा विचार मनात आला तर क्षणभर थांबून आधी हा चहा प्यावा, असा त्यांचा निरोप होता. मॉस्कोत चहा स्वीकारला गेला.

खेड्यात अनोळखी माणूस दुरून दिसतो, मुलेच त्याला घरी घेऊन येतात. महानगरात गोचरीचे घर शोधायचे कोठे? तेथे पत्ता लागतो, ओळख लागते, वेळ ठरवावी लागते. पॅरिसमध्ये राष्ट्राध्यक्ष द गॉल यांनी भेट नाकारली. दोघांनी त्यांच्या निवासस्थानासमोर निदर्शने केली, पोलिसांनी पकडले आणि तीन दिवस कोठडीत ठेवले. रसेल यांच्या कारावासाची बातमी वाचून निघालेले हे प्रवासी स्वतःच तुरुंगात पोहोचले. अखेरीस भारतीय राजदूतांना मध्यस्थी करावी लागली. द गॉल यांच्या हाती चहा प्रत्यक्ष देण्याचा योग आला नाहीच.

आज हा प्रयोग करू म्हटले तर शेंगेन व्हिसाच मिळणार नाही. तेथे बँकेतील शिल्लक दाखवावी लागते आणि किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमाही. अपरिग्रहाला त्या अर्जात रकाना नाही, आणि संसारी माणसाने परक्या शहरात रिकाम्या खिशाने जाऊही नये. पण विनोबांनी सांगितलेली मेख अजून तशीच आहे. मोबाइलवर खोली, मोबाइलवर रस्ता, मोबाइलवर जेवण. आठ दिवस पॅरिसमध्ये राहून एकाही पॅरिसकराशी चार वाक्ये न बोललेली जोडपी थोडी नाहीत. फोन बंद पडल्यावर ज्या वृद्ध बाईने वाट दाखवली, तिचीच आठवण पुढे वर्षानुवर्षे सांगितली जाते.

इंग्लंडमध्ये दोघांना रसेल भेटले. अटलांटिक जहाजाने ओलांडावा लागला. अमेरिकेच्या दक्षिणेत केवळ गोऱ्यांसाठी असलेल्या एका उपाहारगृहात सतीशकुमारांवर पिस्तूल रोखले गेले. त्याच भागात, अटलांटा येथे, मार्टिन ल्यूथर किंग यांची भेटही झाली. केनेडींची हत्या नोव्हेंबर १९६३ मध्ये झाली होती. त्यामुळे जानेवारी १९६४ मध्ये पदयात्रा संपली ती आर्लिंग्टन येथील त्यांच्या समाधीपाशी.

सतीशकुमार पुढे इंग्लंडमध्ये स्थायिक झाले व त्यांनी 'रिसर्जन्स' या नियतकालिकाचे दीर्घकाळ संपादन केले. वयाच्या पन्नाशीत त्यांनी ब्रिटनमधील तीर्थस्थळांची पदयात्रा केली, तीही खिशात पैसा न ठेवता.