खाजण आदिवासींचे, सातबारा सरकारचा!

शासनाच्या परिपत्रकांत आणि स्वयंसेवी संस्थांच्या अहवालांत अलीकडे एक शब्द फार लाडका झाला आहे. तो म्हणजे 'लोकसहभाग'. जंगलाचे रक्षण लोकसहभागातून, तळ्यांचा गाळ काढणे लोकसहभागातून आणि आता समुद्रकिनाऱ्याचे व्यवस्थापनही लोकसहभागातून! ऐकायला गोड वाटते. परंतु चळवळीतील माणसाने अशा गोड शब्दापुढे थांबून एक साधा प्रश्न विचारला पाहिजे. हा सहभाग मालक म्हणून आहे की मजूर म्हणून? राखण करायला गावकरी आणि निर्णय घ्यायला मंत्रालय, अशी ही वाटणी असेल तर तिला सहभाग म्हणायचे की वेठबिगारीचे नवे नाव?

पालघर जिल्ह्याच्या किनाऱ्याकडे पाहिले म्हणजे या प्रश्नाचे उत्तर मिळते. आदिवासी म्हटला की आपल्या डोळ्यांसमोर डोंगर येतो, जव्हार-मोखाडा येते, गडचिरोली येते. आदिवासी समुद्राकाठीही राहतो, हे प्रस्थापित प्रसारमाध्यमांना तर ठाऊकच नसते. डहाणू आणि तलासरी हे दोन्ही तालुके संविधानाच्या पाचव्या अनुसूचीतील क्षेत्रात मोडतात आणि दोघांनाही समुद्र लागतो. इथल्या वारली, मल्हार कोळी, कातकरी कुटुंबांचे पोट एका धंद्यावर चालत नाही. पावसाळ्यात भात, पुढे चिकूच्या वाडीत मजुरी, हंगामात दुसऱ्याच्या बोटीवर खलाशी म्हणून आठ-आठ दिवस समुद्रात, आणि काहीच हाती नसते तेव्हा खाडी आणि खाजण. ओहोटी लागली की बायका चिखलात उतरतात. चिंबोऱ्या, निवट्या, कालवे, जवळा घेऊन येतात. थोडे घरी शिजते, थोडे बाजारात विकून मीठ-मिरची येते. ज्याच्याकडे बोट नाही, वाडी नाही, सातबारा नाही, त्याची ही शेवटची बँक आहे. उधाण कधी, भांग कधी, कुठल्या महिन्यात खाडीच्या कुठल्या तोंडाशी जाळे लावायचे आणि कुठे लावायचे नाही, हे ज्ञान या माणसांजवळ पिढ्यान्पिढ्या आहे. ज्याला आज 'समुदायाधारित नैसर्गिक साधनसंपत्ती व्यवस्थापन' असे भारदस्त नाव देऊन शिकवले जाते, ते हेच!

आता या खाजणाची कायद्यातील स्थिती पाहा. मुंबई उच्च न्यायालयाने ६ ऑक्टोबर २००५ रोजी राज्यातील कांदळवन, म्हणजे आपल्या भाषेतील तिवरे, तोडण्यावर बंदी घातली आणि सरकारी जमिनीवरील कांदळवन वन म्हणून घोषित करण्यास सांगितले. १७ सप्टेंबर २०१८ च्या अंतिम निकालात न्यायालयाने हीच भूमिका पक्की केली. कांदळवनाचा नाश हा संविधानाच्या अनुच्छेद २१ मधील जगण्याच्या हक्काचा भंग आहे, इथपर्यंत न्यायालय गेले. बिल्डरांनी भराव टाकून गिळलेल्या खाड्या पाहता हा निकाल स्वागतार्हच आहे. २०१२ मध्ये वन विभागात स्वतंत्र कांदळवन कक्षही सुरू झाला.

परंतु जमीन वन झाली म्हणजे तिच्याबरोबर वनखाते आले, आणि वनखात्याबरोबर १९२७ चा इंग्रजांचा वन कायदा आला. काल जिथे आई चिंबोऱ्या धरत होती, तिथे आज मुलगी वनखात्याच्या मर्जीवर उतरते. आणि बंदी सर्वांना सारखी आहे काय? डिसेंबर २०२२ मध्ये मुंबई-अहमदाबाद बुलेट ट्रेनसाठी मुंबई, ठाणे आणि पालघर जिल्ह्यांतील सुमारे २२ हजार तिवरे तोडण्याची परवानगी न्यायालयाने सार्वजनिक हिताच्या नावाखाली दिली. सरपणासाठी फांदी तोडणारी बाई गुन्हेगार आणि रेल्वेसाठी २२ हजार झाडे तोडणारे राष्ट्रनिर्माते, असा हा न्याय आहे.

शासन म्हणेल, आम्ही योजना दिली आहे. होय, दिली आहे. २०१७ मध्ये राज्य शासनाने कांदळवन संरक्षण आणि उपजीविका निर्माण योजना आणली. गावात सह-व्यवस्थापन समिती करायची, तिवरांची राखण करायची आणि त्या बदल्यात खेकडापालन, कालवेपालन, पिंजऱ्यातील जिताडा, निसर्ग पर्यटन अशा धंद्यांना मोठे अनुदान मिळवायचे, अशी तिची रचना आहे. काही ठिकाणी बचत गटांच्या बायकांच्या हातात यातून चार पैसे आले, हे आम्ही नाकारत नाही. आमचा आक्षेप वेगळा आहे. योजनेत माणूस 'लाभार्थी' असतो, कायद्यात तो 'हक्कधारक' असतो. योजना शासन निर्णयाने येते आणि शासन निर्णयानेच जाते. उद्या त्या खाजणावर रस्ता काढायचे ठरले तर समितीला विचारण्याचे बंधन या योजनेतून कोणावरही येत नाही. अनुदान मिळेल, नकाराधिकार मिळणार नाही. हा भिक्षेचा आणि हक्काचा फरक आहे, आणि तो आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगण्याची गरज नाही.

मग हक्काचा कायदा आहे कुठे? तो आहे, आणि त्याची चर्चा किनाऱ्यावर जाणीवपूर्वक होऊ दिली जात नाही. वनहक्क कायदा, २००६! या कायद्याच्या कलम ३(१)(घ) मध्ये सामूहिक हक्कांची यादी देताना मासे आणि जलाशयातील इतर उत्पन्न यांचा स्पष्ट उल्लेख आहे. सामूहिक वनसंपत्तीचे संरक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क त्याच कलमाच्या पुढील खंडात दिला आहे. कलम ५ ग्रामसभेला जंगल, वन्यजीव आणि जलस्रोत राखण्याचे अधिकार देते. या कायद्यातील वनजमिनीच्या व्याख्येत राखीव वन येते, संरक्षित वन येते, अवर्गीकृत वनही येते. म्हणजे ज्या दिवशी शासनाने कांदळवनाला वन म्हटले, त्याच दिवशी तिथे वनहक्क कायद्याचे दार उघडले! वनखात्याला वन हवे असेल तर वनाबरोबर वनहक्कही घ्यावे लागतील. एक हात पुढे आणि एक हात मागे, हे चालणार नाही. गडचिरोलीच्या मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूचा व्यवहार स्वतःच्या हाती घेतला. डोंगरात बांबूवर हक्क मिळू शकतो, तर खाडीत चिंबोरीवर का नाही?

यापुढची अडचण मात्र मोठी आहे. वनहक्क कायदा तिवरांच्या कडेला संपतो. त्यापलीकडच्या उघड्या समुद्रावर किनाऱ्यावरील माणसाचा हक्क सांगणारा कायदा या देशात नाही. पारंपरिक मच्छीमारांच्या हक्कांसाठी २००९ मध्ये केंद्राच्या पातळीवर एक मसुदा तयार झाला होता. त्याचा कायदा कधीच झाला नाही. म्हणून समुद्र हा कागदावर कोणाचाच नाही, आणि जे कोणाचेच नाही ते सरकारचे, आणि जे सरकारचे ते भांडवलदाराला देता येते!

वाढवणचे उदाहरण ताजे आहे. डहाणू तालुका २० जून १९९१ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशावरून १९९६ मध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झाले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष होते. याच प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवण बंदराला नकार दिला. त्याच प्राधिकरणाने ३१ जुलै २०२३ रोजी त्याच जागेवरील बंदराला परवानगी दिली. एप्रिल २०२४ मध्ये उच्च न्यायालयाने त्यात हस्तक्षेप करण्यास नकार दिला, जूनमध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या प्रकल्पाला मंजुरी दिली आणि ३० ऑगस्ट २०२४ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते पायाभरणी झाली. १,४४८ हेक्टर समुद्रात भराव पडणार आहे. परिसरातील ग्रामसभांचे विरोधाचे ठराव फायलीत राहिले. सांगितले काय गेले? बंदर समुद्रात होणार, त्यामुळे गावे उठणार नाहीत! जणू गाव म्हणजे चार भिंती आणि कौले. ज्या पाण्यातून चूल पेटते ते पाणी बुजवले, तर घर जागेवर राहूनही माणूस विस्थापित होतो. पण त्याची नोंद पुनर्वसनाच्या कोणत्या रकान्यात करणार?

किनाऱ्यावर हक्क मान्य करणे अशक्य आहे, असे सांगणाऱ्यांनी ऑस्ट्रेलियाकडे पाहावे. तिथल्या उत्तर प्रदेशातील ब्लू मड बे या उपसागराच्या काठी योल्ङू आदिवासी राहतात. १९७६ च्या जमीन हक्क कायद्याने त्यांना मिळालेली जमीन ओहोटीच्या रेषेपर्यंत होती. भरती आली की त्या जमिनीवर पाणी चढणार, मग ते पाणी कोणाचे? सरकार म्हणाले, आमचे. ३० जुलै २००८ रोजी तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की सरकारचा मासेमारीचा परवाना असला तरी आदिवासींच्या संमतीशिवाय त्या पाण्यात कोणालाही मासेमारी करता येणार नाही. उत्तर प्रदेशाच्या सुमारे ८० टक्के किनाऱ्याला हा निकाल लागू झाला. त्यानंतर सरकारला आणि मासेमारी व्यावसायिकांना आदिवासींबरोबर वाटाघाटीला बसावे लागले. आधी हक्क, मग सहभाग, असा क्रम आहे. आपल्याकडे तो उलटा लावला जातो. आधी सहभाग, आणि हक्काचे पुढे बघू!

आता एक गोष्ट आपल्याच बाजूने स्पष्टपणे बोलली पाहिजे. 'समुदाय' या शब्दाला आम्ही डोळे झाकून नमस्कार करणार नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी संविधान सभेत बोलताना बाबासाहेबांनी खेड्याच्या गौरवगीतावर कठोर प्रहार केला होता, तो आपण विसरता कामा नये. गावाच्या नावाने कारभार कोण करतो, हे आपल्या पूर्वजांनी पाठीवर सोसले आहे. किनारपट्टीवरही बोटमालक आणि खलाशी, वाडीमालक आणि मजूर एकाच 'समुदायात' मोजले जातात. समितीचा अध्यक्ष बोटमालक आणि चिखलात उतरणारी कातकरी बाई सभेबाहेर, असे व्यवस्थापन झाले तर ते खोतीचेच दुसरे रूप होईल. आम्हाला गावगाडा नको आहे, संविधानाची ग्रामसभा हवी आहे. हा फरक कायद्यातही आहे. १९९६ चा पेसा कायदा महसुली गावाला नव्हे, तर वस्तीला, पाड्याला गाव मानतो. राज्याच्या २०१४ च्या पेसा नियमांनुसार पाड्याला स्वतंत्र गाव म्हणून घोषित करून घेता येते. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्म्या सदस्यांची गणपूर्ती लागते आणि हजर असणाऱ्यांत किमान एक तृतीयांश स्त्रिया लागतात. गावाची सभा आणि पाड्याची सभा यांत कोणाचा आवाज ऐकू येतो, हे वेगळे सांगायला नको.

तेव्हा कामाचा मार्ग सरळ आहे. पाड्याची ग्रामसभा घोषित करून घ्या. वनहक्क समिती निवडा आणि तिच्यात चिखलात उतरणाऱ्या बायका घ्या. सामूहिक हक्कांसाठी नमुना 'ब' आणि सामूहिक वनसंपत्तीसाठी नमुना 'क' असे दोन्ही दावे भरा. खाडीच्या प्रत्येक फाट्याचे, जाळे लावण्याच्या प्रत्येक जागेचे आपल्या बोलीतील नाव नकाशावर लिहा. वृद्धांचे लेखी जबाब हा नियमांप्रमाणे पुरावा आहे. दावा दिल्यावर पोच घ्या. दाव्याची पडताळणी पूर्ण होईपर्यंत कलम ४(५) नुसार कोणालाही हुसकावता येत नाही, हे त्या पोचपावतीसह जवळ ठेवा. बिगर-आदिवासी भूमिहीनांना, त्यात आपले बौद्ध बांधवही आले, तीन पिढ्यांचे म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य सिद्ध करावे लागते. त्यांचे जुने दाखले, शाळेच्या नोंदी, मतदार याद्या आत्तापासून गोळा करा. आणि समुद्राच्या हक्काचा स्वतंत्र कायदा व्हावा, ही मागणी प्रत्येक मोर्चाच्या निवेदनात पहिल्या क्रमांकावर घ्या. १९९६ च्या कमलनाथ खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने समुद्र, किनारा, नद्या यांचे शासन हे विश्वस्त आहे, मालक नाही, असे सांगितले आहे. विश्वस्ताला हिशेब मागण्याचा अधिकार लाभधारकाला असतोच.

मुंबई कायदे मंडळाने १९२३ मध्ये सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव केला होता. महाडच्या नगरपालिकेने चवदार तळे खुले केल्याचा ठराव १९२४ मध्ये केला. कागदावर सगळे झाले होते. तरी १९२७ च्या २० मार्चला बाबासाहेब हजारो माणसांसह तळ्यावर गेले आणि ओंजळभर पाणी प्याले, तेव्हा त्या कागदात जीव आला. वनहक्काचा कायदा होऊनही आता बरीच वर्षे झाली. खाजणाच्या काठावरचा माणूस अजून तो कागद हातात घेऊन पाण्यात उतरायचा आहे. तो उतरेल तेव्हा त्याच्याबरोबर उभे राहणे, हे आपले काम आहे.