यंत्र-मंत्र : नमुना सही



गेल्या अंकात जुन्या कॅसेटी संगणकावर कशा चढवायच्या ते सांगितलं, तेव्हा काहींनी विचारलं, "आता त्या सांभाळायच्या कशा?" उत्तराआधी माझीच फजिती ऐका.

आईच्या आवाजातल्या सहा कॅसेटी ठाण्याला दादाकडच्या छोट्या सर्व्हरवर ठेवल्या आहेत. आई गेल्यावर आमच्याकडे तेवढाच तिचा आवाज उरला. मी न्यू जर्सीहून एसएसएचने लॉगिन करतो. पाच भावंडं-भाच्यांत पासवर्ड एकच : आईचं नाव आणि घर नंबर. एका घरी तर तो फ्रिजवर चिकटवलेला!

एके रात्री सहज सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उघडली. कोणीतरी सारखं दार ठोठावत होतं. 'रूट', 'अ‍ॅडमिन', 'टेस्ट'... नावामागून नाव. यात वैयक्तिक वैर नसतं. इंटरनेटवरचं प्रत्येक दार ढकलून पाहणारे प्रोग्रॅम असतात. पण दार उघडलं तर आत आई होती.

पूर्वी टेलनेट वापरत. त्यात पासवर्ड पोस्टकार्डासारखा उघडा जाई. १९९५ साली फिनलंडमध्ये हेलसिंकीच्या तंत्र विद्यापीठात पासवर्ड चोरले गेले, तेव्हा तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिली. आज बहुतेक ठिकाणी चालते ती १९९९ मध्ये आलेली ओपनएसएसएच. पोस्टकार्डाचं बंद पाकीट झालं खरं, पण सोपा पासवर्ड ओळखणाऱ्याला पाकीट फोडावंच लागत नाही.

यावर उपाय किल्ल्यांची जोडी. 'एसएसएच-कीजेन' ही आज्ञा 'ईडी२५५१९' प्रकार सांगून दिली की दोन फाइली तयार होतात. खाजगी किल्ली आपल्याच संगणकावर राहते; सार्वजनिक किल्ली सर्व्हरच्या 'ऑथोराइज्ड-कीज' फाइलीत जाते. दादा बँकेतून निवृत्त झालेला. तो लगेच म्हणाला, "अरे, म्हणजे नमुना सहीचं कार्ड! बँक कार्ड ठेवते, सही आपण दर वेळी नवी करतो." अगदी तसंच! फरक एवढाच, की इथे कार्ड चोरून सहीची नक्कल करता येत नाही.

मी उत्साहाने सेटिंगच्या फाइलीत पासवर्डने लॉगिन बंद केलं, सेवा पुन्हा सुरू केली आणि बाहेर पडलो. परत आत जाता येईना! सर्व्हरवरचं माझं फोल्डर इतरांनाही लिहिता येईल असं राहिलं होतं; अशा वेळी ओपनएसएसएच ती किल्ली मानतच नाही. इथे रात्रीचे साडेबारा, ठाण्यात सकाळचे दहा. दादाला फोन लावला.

"दादा, सर्व्हरला कीबोर्ड आणि टीव्ही जोड. आता 'सुडो' टाइप कर."

"सोडू? काय सोडू?"

पाऊण तासाने काम झालं. त्या रात्रीचे धडे असे :

१. जुनी खिडकी उघडी ठेवा. सेटिंग 'एसएसएचडी'ला 'उणे टी' जोडून तपासा, मग दुसऱ्या खिडकीतून किल्लीने आत जाऊन पाहा. जमलं, तरच पासवर्ड बंद करा.

२. 'पासवर्ड-ऑथेंटिकेशन', 'केबीडी-इंटरअ‍ॅक्टिव्ह-ऑथेंटिकेशन' आणि 'परमिट-रूट-लॉगिन' या तिन्हींपुढे 'नो' लिहा. पहिलंच बंद केलं तर पासवर्ड कधीकधी दुसऱ्या वाटेने चालू राहतो.

३. ज्याची त्याची किल्ली वेगळी, आणि तिला सांकेतिक वाक्याचं कुलूप. खाजगी किल्ली ईमेलने, व्हॉट्सअ‍ॅपने कोणालाही पाठवू नका, भावालासुद्धा. लॅपटॉप चोरीला गेला, तर सर्व्हरवरची तेवढी एक ओळ खोडली की झालं; बाकीच्यांना त्रास नाही.

४. अडीअडचणीला दुसरी एक किल्ली करून जपून ठेवा.

आजही लॉगमध्ये दार ठोठावणारे दिसतात. ठोठावू देत बापडे. पासवर्ड विचारणारं दारच आता नाही.

त्या सकाळी सगळं सुरू झाल्यावर दादाने पहिली कॅसेट लावून फोन टीव्हीजवळ धरला. "पानं घेतली आहेत रे, या लवकर!" आई हाक मारत होती. बराच वेळ दोघंही काही बोललो नाही.

पुढच्या अंकात बॅकअपविषयी. कारण दार कितीही भक्कम असलं, तरी डिस्क एक दिवस बिघडतेच. तोवर घरातले फ्रिजवरचे कागद तेवढे काढून टाका!