आवड आणि मूल्यनिर्णय

सर्व कलांमधून एकच सर्वाधिक प्रिय कलाकृती निवडावी, ही मागणी वरकरणी निरुपद्रवी वाटते. परंतु तिच्या पोटात एक सिद्धान्त दडलेला आहे. वेरूळचे कैलास लेणे श्रेष्ठ की सत्यजित राय यांचा ‘पथेर पांचाली’ (१९५५), हे ठरवायचे तर दोहोंना समान निकष हवा. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’ (१९५५) या ग्रंथात संवाद, विरोध आणि समतोल या लयतत्त्वांच्या रूपाने तो शोधला. माध्यमांचे वेगळेपण त्यांना मान्य होते; तरीही असा सर्वव्यापी निकष ते वेगळेपण गौण ठरवूनच सिद्ध होतो. कैलास वरून खाली कोरत नेलेला आहे; काढलेला कातळ पुन्हा बसवता येत नाही. चित्रपटात दृश्यांचा क्रम संकलनाच्या वेळीही बदलता येतो. या दोहोंतील ‘समतोल’ एकच मानणे म्हणजे शब्दसाम्याला बळी पडणे होय.

मग निवड करूच नये काय? अवश्य करावी, मात्र आवड म्हणून. सुखद आणि सुंदर यांतील भेद कांटने १७९० मध्येच स्पष्ट केला होता. आवडीला समर्थन लागत नाही, मूल्यनिर्णयाला लागते. आवडीलाच मूल्यनिर्णय म्हणून पुढे करणारा समीक्षक समर्थनाची जबाबदारी टाळतो. आणि ती टाळली की समीक्षेचे प्रयोजनच उरत नाही.