रेडा बोलला, पुस्तक बोलेना

आमच्या पैठणची एक गोष्ट महाराष्ट्रात शेंबड्या पोरालाही ठाऊक असते. ज्ञानदेव आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्र मागायला इथल्या ब्रह्मवृंदापुढे आली आणि ज्ञानदेवांनी रेड्याच्या तोंडून वेद वदवले. बाहेरगावचा पाहुणा आला की आम्ही त्याला नागघाटावर नेतो आणि मोठ्या अभिमानाने ती जागा दाखवतो. गोष्ट खरी की खोटी, हा वाद मला घालायचा नाही. पण ज्या गावाने ती इतकी शतके जपली त्या गावाला तिचा अर्थ कितपत कळला, अशी शंका मला गेल्या महिन्यापासून छळते आहे.

त्याला कारण माझा एक जुना विद्यार्थी. नाव सांगत नाही, त्याला ते आवडायचे नाही. आता पन्नाशीकडे झुकलेला आहे आणि त्याला काहीही दिसत नाही. हातात साधा मोबाइल. पडद्यावर बोट फिरवले की मोबाइल बोलतो, आणि इतका भरभर बोलतो की मला एक अक्षर कळेना. तो हसून म्हणाला, "सर, सवयीचा भाग आहे. तुम्ही शिकवायचात त्यापेक्षा थोडंच फास्ट आहे." वर्तमानपत्र, निरोप, बँकेचे हिशेब, सगळे तो असे ऐकून वाचतो.

त्याला नाथांचे भागवत अर्थासह वाचायचे होते. मूळ ग्रंथ, म्हणजे एकतीस अध्याय आणि अठरा हजारांवर ओव्या, त्याच्याकडे आधीच होता. कुणा परोपकारी माणसांनी ओवी न् ओवी टंकून महाजालावर ठेवली, म्हणून मिळाला. अडले होते ते अर्थापाशी. मी मोठ्या तोऱ्यात म्हणालो, "अरे, एवढंच ना? माझ्याकडे जुन्या सार्थ प्रतीची पीडीएफ आहे, हा घे." पाठवली. त्याने उघडली. मोबाइल म्हणाला, "पृष्ठ एक." मग गप्प. बोट सरकवले. "पृष्ठ दोन." पुन्हा गप्प. जवळजवळ हजार पाने आणि एकावरही शब्द नाही, कारण ती पानांची नुसती छायाचित्रे होती. डोळस माणसाला त्यात अक्षरे दिसतात, यंत्राला फक्त काळे-पांढरे ठिपके.

"सर, हे पुस्तक मुकं आहे," तो म्हणाला.

मला वाईट वाटले, म्हणून मी दुसरी फाइल पाठवली. वीसेक वर्षांपूर्वी गावात निघालेल्या एका स्मरणिकेतला माझाच लेख. ही मात्र टंकलेली होती, फोटो नव्हता. मोबाइल वाचू लागला आणि त्यातून इंग्रजी मुळाक्षरे, कंस, टक्के, आकडे असला काहीतरी भयंकर मंत्र बाहेर पडू लागला. त्या काळी छापखान्यांत जे मराठी फॉन्ट होते, त्यांत संगणकाच्या पोटात रोमन अक्षरच साठवलेले असायचे, वर फक्त देवनागरीचा मुखवटा. मुखवटा निघाला की मराठी गेली. युनिकोडमध्ये प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक असतो, त्यामुळे ‘क’ हा ‘क’ आहे हे यंत्राला ठाऊक असते. मी मराठीचा शिक्षक. मराठीच्या अभिमानावर लिहिलेला माझा लेख मराठीत नव्हताच, हे मला माझ्या विद्यार्थ्याने दाखवून दिले!

आता मूळ मुद्द्यावर येतो. गावात हा विषय काढला की मला हटकून तीनचार उत्तरे मिळतात. त्या उत्तरांशी माझे भांडण आहे.

पहिले उत्तर: "पुस्तक नेटवर टाकलंय ना फुकट, आणखी काय पाहिजे?" देवळाचे दार उघडे ठेवून आत जायला शिडी लावायला सांगितली, तर देऊळ सर्वांना खुले आहे असे म्हणता येईल का? जुन्या ग्रंथांचे फोटो काढणाऱ्यांचे उपकार मी मानतो, नाहीतर वाळवीने ते कधीच संपवले असते. पण फोटो ही पहिली पायरी आहे. तिथेच सत्कार-समारंभ उरकून घेतले जातात, हे माझे दुखणे आहे.

दुसरे उत्तर: "आपल्याकडे अंध असे कितीक?" २०११ च्या जनगणनेत दृष्टिदोष असलेल्यांची नोंद पन्नास लाखांवर आहे. आणि खरे सांगू? माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू होता. शस्त्रक्रियेच्या आधीचे वर्षभर मी बारीक टाइप वाचू शकत नव्हतो. म्हातारपण कुणाला चुकले आहे? आज आपण जे दार त्याच्यासाठी करू, त्याच दारातून उद्या आपल्याला जायचे आहे.

तिसरे उत्तर सर्वांत गोड आणि म्हणून सर्वांत वाईट: "बिचाऱ्यांसाठी काहीतरी केलंच पाहिजे हो." दयेची भाषा! वाढदिवसाला मिठाई, ब्लँकेट, फोटो. इथे दयेचा प्रश्नच येत नाही. हा हक्क आहे आणि तो भांडून मिळवलेला आहे. ही हकिकत आपल्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

२०१० साली कॉपीराइट कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक आले. त्यात अंधांसाठी सवलत होती, पण ती ब्रेलसारख्या खास त्यांच्यासाठीच असलेल्या स्वरूपांपुरती. साध्या संगणकावर ऐकता येईल अशी फाइल करायची, तर परवाना काढा! ब्रेल न येणारे, उतारवयात दृष्टी गेलेले, संगणकावर ऐकून शिकणारे, सगळे बाहेर. याविरुद्ध बंगळूरला २००८ साली स्थापन झालेली ‘सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटी’, चेन्नईची ‘इन्क्लुझिव्ह प्लॅनेट’, ‘डेझी फोरम ऑफ इंडिया’ अशा ना-नफा संस्था उभ्या राहिल्या. बंगळूरच्या संस्थेत या कामात पुढे होत्या निर्मिता नरसिंहन, स्वतः दृष्टिबाधित आणि कायद्याच्या जाणकार. चेन्नईचे वकील राहुल चेरियन यांनी देशात आणि देशाबाहेरही ही बाजू लढवली. २०१२ मध्ये कायदा झाला तो ती अट वगळून. अपंग व्यक्तीला वाचता यावे म्हणून पुस्तक कोणत्याही सुगम स्वरूपात आणायला, नफा न घेता, आता परवानगी लागत नाही. चेरियन २०१३ च्या फेब्रुवारीत वारले. त्याच वर्षी जूनमध्ये मोरोक्कोतल्या माराकेश शहरी याच हक्काचा आंतरराष्ट्रीय करार झाला आणि २०१४ मध्ये त्याला मान्यता देणारा जगातला पहिला देश होता भारत. पुढे २०१६ मध्ये ‘सुगम्य पुस्तकालय’ हे महाजालावरचे ग्रंथालय सुरू झाले. ३० एप्रिल २०२५ रोजी तर सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, डिजिटल सेवांपर्यंत पोचता येणे हा जगण्याच्या हक्काचाच, घटनेच्या कलम २१ चा भाग आहे. त्या खटल्यामागे ॲसिडहल्ल्यातून वाचलेल्या बाया होत्या आणि एक दृष्टिहीन वकील. बँकेच्या ओळखपडताळणीत यंत्र म्हणते, "डोळे मिचकावा." ज्याला पापणीच उरली नाही त्याने काय मिचकवावे?

इतके सगळे झाले, आणि आमच्या गावात अजून प्रश्न असा की, "बिचाऱ्यांसाठी काय करता येईल?"

चौथे उत्तर प्रकाशकांचे आणि काही लेखकांचे: "सगळं खुलं केलं तर लिहिणाऱ्याने खायचं काय?" हा प्रश्न खोटा नाही. जिवंत लेखकाला त्याचे मानधन मिळालेच पाहिजे. पण कायद्याने लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षांनी त्याचे लेखन सर्वांचे होते. साने गुरुजी ११ जून १९५० ला गेले, म्हणजे १ जानेवारी २०११ पासून ‘श्यामची आई’ तुमची-माझी आहे. ज्यांचा लेखक जाऊन शंभर वर्षे झाली अशी पुस्तकेही आपण कपाटात कुलूपबंद ठेवतो, ती कुणाच्या पोटासाठी? एका संग्रहात मला एक जुने पुस्तक पाहायला मिळाले नाही. "लोक नकला काढतात," असे सांगण्यात आले. अहो, नकला काढल्या म्हणून तर ज्ञानेश्वरी टिकली!

आणि इथे आम्हा पैठणकरांना लाज वाटायला हवी. नाथांनी संस्कृत भागवताचा एकादश स्कंध मराठीत आणला, तोही काशीत बसून, शके १४९५ म्हणजे १५७३ मध्ये पूर्ण केला. तिथल्या पंडितांनी विरोध केला, असे परंपरा सांगते. पुढे १५८४ मध्ये, शके १५०६ ला, त्यांनी ज्ञानेश्वरीच्या हातोहात फिरून बिघडलेल्या प्रती ताडून शुद्ध पाठ सिद्ध केला. म्हणजे बघा, ज्ञान आधी लोकांच्या भाषेत आणायचे, मग त्याचा पाठ नीट तपासून लोकांच्या हाती द्यायचा. ही दोन्ही कामे आमच्या गावच्या माणसाने सुमारे साडेचारशे वर्षांपूर्वी करून ठेवली. नाथषष्ठीला लाखो वारकरी येतात, आम्ही त्यांच्या सोयीसाठी धावतो. पण नाथांचे हे काम पुढे चालवायला आमच्यातले किती बसले?

सगळा अंधारच आहे असेही नाही. केतकरांचा ज्ञानकोश यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने महाजालावर आणला. विश्वकोशाचे वीस खंड मोफत वाचता येतात. मोल्सवर्थचा १८५७ चा कोश आणि दात्यांचा महाराष्ट्र शब्दकोश शोधता येईल असा ठेवला आहे तो शिकागो विद्यापीठाने. पैठणला बसून मराठी शब्दाचा अर्थ शिकागोला विचारायचा! त्यांचे आभार मानावेत आणि स्वतःच्या पाठीत एक धपाटा घालून घ्यावा, दुसरे काय.

आता एक कबुली. हा मुलगा आठवीत असताना त्याची नजर मंदावत चालली होती. फळ्यावरचे दिसत नाही म्हणायचा. मी त्याच्या वडिलांना बोलावून सांगितले, "याला इथे ठेवून उपयोग नाही, त्याचं नुकसान होईल." सद्भावनेने सांगितले. वडिलांनी शाळेतून काढला आणि पुढची सहा वर्षे तो घरी बसून होता. नंतर त्याचे त्यानेच मार्ग काढले. शुद्धिपत्र नाकारणाऱ्या ब्रह्मवृंदाला आपण आजवर नावे ठेवत आलो. त्या दिवशी त्या पंक्तीत मी बसलो होतो. त्याने मला हे कधी बोलून दाखवले नाही. भागवताचा अर्थ मागायला मात्र माझ्याकडेच आला.

म्हणून आता मी विकिस्रोतावर काम करतो. तिथे जुन्या पुस्तकाच्या पानाचे छायाचित्र एका बाजूला आणि यंत्राने ओळखलेला मजकूर दुसऱ्या बाजूला असतो. यंत्र जोडाक्षरांत गडबडते, रफार गिळते, ‘ध’चा ‘घ’ करते. ते माणसाने सुधारायचे. न तपासलेले पान लाल, एकाने तपासले की पिवळे, दुसऱ्याने पुन्हा तपासले की हिरवे. पस्तीस वर्षे लाल शाईने वह्या तपासणाऱ्याला यात नवीन काय शिकायचे आहे? माझा वेग रोज चार पाने. डोळे दुखले की तीन.

माझ्या निवृत्त मास्तर मित्रांना एवढेच म्हणणे आहे. संध्याकाळी ओट्यावर बसून मराठी मरत चालली म्हणून रडणे पुरे. तेवढ्या वेळात दोन पाने हिरवी होतात. आणि ज्यांच्या कपाटात जुनी पुस्तके आहेत त्यांनी किल्ली तेवढी काढावी.

परवा त्याला पहिली पंचवीस पाने पाठवली. मोबाइल घडाघडा वाचू लागला. दुसऱ्याच पानावर तो म्हणाला, "सर, इथे एक अनुस्वार राहिलाय."

राहिला होता खरा. दुरुस्त केला.