परदेशी भिंतींचे भाडे कोण भरतो?

कलामहाविद्यालयातून नुकत्याच बाहेर पडलेल्या चार-सहा तरुणांची चित्रे लंडन, पॅरिस किंवा दुबईच्या एखाद्या दालनात लागली की भांडवली वृत्तपत्रे 'भारतीय कलेचा दिग्विजय' म्हणून नगारे वाजवू लागतात. ही चित्रे तिकडे गेली कशी, भिंतीचे भाडे कोणी भरले आणि चित्र विकले गेल्यास पैसा कोणाच्या खिशात गेला, हे विचारण्याची तसदी मात्र कोणी घेत नाही.

हिशेब साधा आहे. परदेशी प्रदर्शने भरवून देणाऱ्या दलालांचा एक धंदाच आज उभा राहिला आहे. नव्या पदवीधराला 'आपली निवड झाली आहे' असे पत्र येते आणि पत्राच्या तळाशी 'सहभाग शुल्क' लिहिलेले असते. शुल्क भरण्याची तयारी हीच निवडीची कसोटी! ज्याचा नफा भाड्यातूनच सुटतो त्या दालनाला चित्र विकले जाण्याची गरज नसते. ते चांगले असण्याची तर मुळीच नसते. वाहतूक, विमा, चौकट, सारे चित्रकाराच्या माथी. न विकलेले काम परत आणायचे तर ते येथूनच गेले होते हे कस्टमला पटवून देणारी कागदपत्रेही त्यानेच सांभाळायची. प्रतिष्ठित दालने असले शुल्क घेत नाहीत, हे खरे. पण विक्रीच्या किमतीतील बहुधा निम्मा वाटा ती ठेवून घेतात, आणि कोणते चित्र 'भारतीय' दिसते हे त्यांचे गिऱ्हाईक ठरवते.

त्याआधी व्हिसा. युरोपातील शेंगेन देशांचे व्हिसा शुल्क २०२४ पासून ९० युरो आहे. अर्ज फेटाळला तरी ते परत मिळत नाही. सोबत बँकेतील शिल्लक दाखवावी लागते. सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराची मुलगी किंवा अलेप्पीच्या काथ्या कामगाराचा मुलगा ही शिल्लक कोठून दाखवणार? कलेची परीक्षा होण्याआधीच येथे ऐपतीची परीक्षा होते, आणि तिच्यात जे उत्तीर्ण होतात त्यांनाच आपण 'देशाची तरुण प्रतिभा' म्हणून मिरवतो.

यावर असे सांगितले जाते की जागतिक बाजार हाच निःपक्षपाती परीक्षक आहे. सूझा, रझा, गायतोंडे यांना त्यानेच ओळखले. वस्तुस्थिती काय आहे? १९४५ साली छोडो भारत चळवळीतील सहभागापायी जे. जे. स्कूलमधून काढून टाकलेला आणि काही काळ कम्युनिस्ट पक्षात असलेला फ्रान्सिस न्यूटन सूझा १९४९ साली लंडनला गेला. त्याचे नाव झाले ते १९५५ साली, 'एन्काउंटर' मासिकात त्याचा आत्मचरित्रपर लेख आला आणि गॅलरी वनमध्ये प्रदर्शन भरले तेव्हा. त्या मासिकामागे अमेरिकेच्या सीआयएचा पैसा होता, हे पुढे १९६७ साली जगजाहीर झाले. रझा १९५० साली पॅरिसला गेले ते फ्रेंच सरकारच्या शिष्यवृत्तीवर. १९६४ साली गायतोंडे आणि १९६८ साली तय्यब मेहता न्यूयॉर्कला गेले ते तिसऱ्या जॉन डी. रॉकफेलरने काढलेल्या निधीतून. या चित्रकारांच्या प्रतिभेला याने यत्किंचितही उणेपणा येत नाही. त्यांनी मिळेल ती शिडी वापरली, आणि त्यांच्या जागी कोणीही वापरली असती. पण शिडी कोणाची होती हे विसरून 'बाजाराचा न्याय' म्हणून जपमाळ ओढणे हा शुद्ध भोंदूपणा आहे.

आपल्या सरकारने कोणती शिडी उभारली? १८९५ पासून चालत आलेल्या व्हेनिसच्या द्वैवार्षिकात २०११ साली भारताचे राष्ट्रीय दालन लागले. त्यानंतरचे थेट २०१९ साली. मुल्कराज आनंद यांच्या पुढाकाराने १९६८ साली ललित कला अकादमीने दिल्लीत त्रैवार्षिकी सुरू केली होती. जगातील कला येथे यावी आणि आपल्या तरुणांनी विमानाचे तिकीट न काढता ती पाहावी, अशी ती सोय होती. २००५ च्या अकराव्या खेपेनंतर ती परंपराही खंडित झाली.

दुसरीकडे संस्कृतिरक्षकांची फौज आहे. परदेशी गेलेला चित्रकार मुळापासून तुटला, असे हे लोक म्हणतात. मग मुळाशी राहणाऱ्याचे त्यांनी काय केले? २००७ साली बडोद्याच्या ललितकला विद्याशाखेत परीक्षेसाठी मांडलेल्या चित्रांवरून विद्यार्थ्याला अटक झाली आणि त्याच्या पाठीशी उभे राहणारे प्रभारी अधिष्ठाता शिवाजी पणिक्कर निलंबित झाले. हुसेन यांना तर म्हातारपणी देश सोडावा लागला. २०११ साली लंडनमध्येच त्यांचा अंत झाला. आणि २०२५ साली त्यांचे 'ग्रामयात्रा' न्यूयॉर्कच्या लिलावात १ कोटी ३७ लाख डॉलरहून अधिक किमतीला गेले तेव्हा अभिमानाच्या बातम्या कशा भरभरून आल्या!

लिलावाला निमूट मान डोलावण्याची परंपराच आपल्याकडे आहे, असेही नाही. १९८९ साली सोदबीज कंपनीने मुंबईत भारतीय चित्रांचा लिलाव केला, तेव्हा के. पी. कृष्णकुमार आणि केरळच्या कलामहाविद्यालयांतून आलेले त्यांचे सहकारी त्याविरुद्ध उभे राहिले होते. त्यांची संघटना फार टिकली नाही. त्यांचा प्रश्न टिकला.

कायद्याचे म्हणाल तर तो आहेच. कॉपीराइट कायद्यात १९९४ साली घातलेल्या ५३-अ कलमानुसार दहा हजार रुपयांहून अधिक किमतीला मूळ चित्राची वा शिल्पाची पुनर्विक्री झाली, तर निर्मात्याला किंवा त्याच्या वारसांना त्या किमतीत वाटा मिळण्याचा हक्क आहे. कमाल मर्यादा दहा टक्के. व्यवहारात हे कलम कपाटात पडून आहे. ब्रिटनसारख्या भांडवलशाही देशात २००६ पासून असा वाटा प्रत्यक्ष वसूल होतो. आपल्याकडे किती पदवीधरांना या कलमाचे नाव तरी ठाऊक आहे? कलामहाविद्यालयांत दृष्टिक्रम शिकवतात, शरीररचना शिकवतात. करारनामा वाचायला शिकवत नाहीत.

तेव्हा मागण्या स्पष्ट आहेत. शासकीय कलामहाविद्यालयांतून उत्तीर्ण झालेल्यांची परदेशी वाहतूक, विमा आणि व्हिसा यांचा खर्च सार्वजनिक निधीतून व्हावा, आणि निवड चित्रकारांच्या समितीने कारणे जाहीर करून करावी. 'सहभाग शुल्क' उकळणाऱ्या प्रदर्शनांची बातमी महाविद्यालयांनी आपल्या माहितीपत्रकात छापू नये. ५३-अ कलमाची वसुली करणारी यंत्रणा उभी राहावी. आणि जे चित्र परदेशी जाईल ते आधी त्या चित्रकाराच्या जिल्ह्याच्या गावी, नगरपालिकेच्या सभागृहात का होईना, आठवडाभर विनामूल्य लागावे. कोचीच्या द्वैवार्षिकासोबत २०१४ पासून देशभरच्या कलाविद्यार्थ्यांचे प्रदर्शन भरते, आणि ते पाहायला कोणालाही व्हिसा काढावा लागत नाही.