फॉरमॅट मार!

खडकवासल्याच्या हॉस्टेलवर कुणाचा कॉम्प्युटर आजारी पडला की शेजारच्या रूममधले डॉक्टर एकच औषध सांगतात, "फॉरमॅट मार!" आपण धरणावर भजी खाऊन येईपर्यंत मशीन कोरं करकरीत.

मीही मारला. सबमिशनच्या आदल्या रात्री झेरॉक्सच्या दुकानातून प्रिंट काढून आलो, तर पेनड्राइव्हवरच्या रिपोर्टच्या फोल्डरचा शॉर्टकट झालेला! घाबरून पेनड्राइव्ह आणि हार्ड डिस्क, दोन्ही पुसले. नंतर कळलं, हा व्हायरस फोल्डर खात नाही, फक्त लपवतो. हिडन आणि सिस्टीम फाइल्स दाखवायचा पर्याय चालू केला असता तर रिपोर्ट तिथेच होता. वर दोन दिवसांनी रूममेटचा पेनड्राइव्ह लावला, शॉर्टकटवर क्लिक केलं, की पाहुणे पुन्हा हजर. तोही त्याच दुकानात जाऊन आलेला!

फॉरमॅट कधीच करू नये असं नाही. काही व्हायरस त्याशिवाय जात नाहीत. पण तो शेवटचा उपाय, आणि तोही बॅकअप घेतल्यावर.

१९९० च्या दशकात पुण्यात कैलाश काटकरांकडे दुरुस्तीला येणाऱ्या मशीन्समध्ये व्हायरस असायचे. फॉरमॅट तेव्हाही होताच. पण त्यांचे भाऊ संजय यांनी व्हायरस काढणारे प्रोग्रॅम लिहिले. त्यातूनच पुढे 'क्विक हील' उभं राहिलं.

आपण इंजिनिअर होणार ना? मग पुसण्याआधी निदान बिघाड काय आहे ते तरी बघूया!