पूर विम्यात, गळती विम्याबाहेर

भिवंडीत पावसाचे पाणी घरात दोन वाटांनी शिरते. एक वाट उंबरठ्यावरून येते. कामवारी नदी फुगते, खाडीला भरती असली की निचरा थांबतो आणि तीन बत्ती, निजामपुरा, ईदगाह रोड, नदी नाका या भागांतील तळमजले पाण्यात जातात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा भिवंडीनेही हा अनुभव घेतला. जुलै २०२१ मध्ये तो पुन्हा घेतला. दुसरी वाट छतातून येते. स्लॅबला गेलेल्या बारीक भेगांतून, गच्चीच्या कडेच्या सांध्यांतून, बाहेरच्या भिंतीच्या उखडलेल्या गिलाव्यातून पाणी झिरपत राहते. छताला ओल येते, रंगाचे पोपडे सुटतात, विजेच्या बटणाला हात लावण्याची भीती वाटू लागते. पहिल्या वाटेने आलेल्या पाण्याची बातमी होते. दुसऱ्या वाटेचे पाणी दरवर्षी येते आणि त्याची बातमी होत नाही.

घराचा विमा उतरविणाऱ्या शिक्षकाची किंवा कारकुनाची साधारण समजूत अशी असते की, पावसाने नुकसान झाले म्हणजे भरपाई मिळायची. प्रत्यक्षात विम्याच्या करारात ‘पाऊस’ या शब्दाला फारसे स्थान नाही. पाणी कोणत्या वाटेने आले, यावर सारे अवलंबून असते. हा भेद अनेकांना कळतो तो दावा नामंजूर झाल्याचे पत्र हाती पडल्यावरच. तो भेद मुळात न्याय्य आहे काय, आणि असल्यास त्यामुळे उघड्यावर पडणाऱ्या नुकसानीचा भार कोणी उचलावा, याचा विचार झाला पाहिजे.

भारतीय विमा नियामक आणि विकास प्राधिकरणाने १ एप्रिल २०२१ पासून ‘भारत गृह रक्षा’ ही घरासाठीची प्रमाणित पॉलिसी देणे सर्वसाधारण विमा कंपन्यांवर बंधनकारक केले. तीत कोणत्या आपत्तींना संरक्षण आहे याची यादी आहे. आग, स्फोट, वीज कोसळणे, भूकंप, वादळ, पूर व जलमयता, भूस्खलन, दंगल, दहशतवाद ही त्यांतील प्रमुख नावे. पाण्याची टाकी, नळ वा जलवाहिनी फुटणे अथवा भरून वाहणे, हेही तीत आहे. या आपत्तीपाठोपाठ सात दिवसांच्या आत घरात चोरी झाली, तर तिचीही भरपाई मिळते. इमारतीच्या विमारकमेच्या २० टक्के, पण कमाल १० लाख रुपयांपर्यंत, घरातील सामान आपोआप संरक्षित होते. विमारकम काढताना जमिनीची किंमत धरली जात नाही. चटईक्षेत्र आणि बांधकामाचा दर यांचा गुणाकार धरला जातो. समजा, घर ४०० चौरस फुटांचे आणि बांधकामाचा दर चौरस फुटास २००० रुपये, तर इमारतीची विमारकम ८ लाख आणि सामानाची १ लाख ६० हजार होते. मध्यमवर्गीय कुटुंबाच्या दृष्टीने ही व्यवस्था समाधानकारक म्हणावी लागेल.

पण या यादीत पाझर नाही, ओल नाही, जुनाट छताची गळती नाही. म्हणजे रस्त्यावरचे पाणी घरात शिरून कपाट भिजले, तर ती जलमयता. सोसाट्याच्या वाऱ्याने छपराचे पत्रे उडाले आणि त्यातून पाणी आले, तर ते वादळाचे नुकसान. वरच्या मजल्यावरील टाकी फुटून खालचे घर भिजले, तर तेही करारात बसते. मात्र स्लॅब वर्षानुवर्षे झिरपतो आहे आणि यंदाच्या मुसळधार पावसात त्याने गादी, पुस्तके, दूरचित्रवाणी संच भिजवला, तर कंपनी नकार देते. घरमालकाला हा नकार अन्यायाचा वाटतो, कारण त्याच्या लेखी नुकसान त्याच रात्री, त्याच पावसाने झालेले असते.

घटना आणि प्रक्रिया

विम्याच्या अर्थशास्त्राकडे पाहिले, तर या नकारामागे निव्वळ कंपनीचा लोभ आहे असे म्हणता येत नाही. विमा अनिश्चित घटनेचा असतो. जे कधी घडेल, कोणावर ओढवेल हे सांगता येत नाही, त्याचा भार हजारोंनी थोडाथोडा वाटून घ्यावा, हे त्यामागील तत्त्व. न दुरुस्त केलेले छत गळणार, ही अनिश्चित घटना नव्हे. ती काळाच्या ओघात खात्रीने होणारी झीज आहे. तिची भरपाई विम्यातून द्यावयाची ठरविल्यास हप्त्यात दुरुस्तीचाच खर्च मिळवावा लागेल. शिवाय जो दरवर्षी मे महिन्यात गच्चीला डांबर लावून घेतो, त्याने न लावणाऱ्याच्या छताचा खर्च सोसावा, असा त्याचा अर्थ होईल. मग डांबर लावील कोण? हे तत्त्व जुनेच आहे. सागरी विम्याच्या १९६३ च्या भारतीय कायद्यातही, करारात वेगळे काही ठरले नसल्यास, नेहमीची झीज आणि मालाची नेहमीची गळती यांची जबाबदारी विमा कंपनीवर टाकलेली नाही.

तेव्हा घटना आणि प्रक्रिया हा भेद तत्त्वतः मान्य करावा लागतो. अडचण व्यवहारात येते. कोकणपट्टीच्या पावसात घटना आणि प्रक्रिया एकमेकींत मिसळलेल्या असतात. एकाच अतिवृष्टीत गच्चीचा निचरा तुंबून तेथे गुडघाभर पाणी साचते आणि एरवी न गळणारे छत गळू लागते. याला जलमयता म्हणावयाचे की पाझर? अशा ठिकाणी शब्दाचा संकुचित अर्थ लावण्याकडे कंपन्यांचा कल असतो, आणि तेथे विमेदाराने माघार घेण्याचे कारण नाही. ओरिएंटल इन्शुरन्स कंपनी विरुद्ध जे. के. सिमेंट वर्क्स या खटल्यात २०२० साली सर्वोच्च न्यायालयापुढे असाच प्रश्न आला होता. २००३ मधील मुसळधार पावसाने आवारात साठविलेला कोळसा वाहून गेला होता. यास पूर म्हणता येणार नाही, असे कंपनीचे म्हणणे होते. नदी वा नाला पात्राबाहेर आला तरच पूर, असा अर्थ न्यायालयाने स्वीकारला नाही. जोरदार पावसाने साचलेल्या पाण्यामुळे झालेले नुकसानही ‘पूर व जलमयता’ या शब्दांत बसते, असा निष्कर्ष काढला. भिवंडीतील सखल वस्त्यांसाठी हा निर्णय फार मोलाचा आहे. कामवारीचे पाणी आले नाही, केवळ पावसाचे पाणी तुंबले, एवढ्या कारणावरून दावा नाकारला गेल्यास त्याचा आधार घेता येईल.

दुरुस्ती कोणाची?

विमा गळतीचा भार घेणार नसेल, तर तो कोणी घ्यावा, याचे उत्तर कायद्यात आहे. नवी इमारत असेल, तर रेरा कायद्यान्वये ताबा दिल्यापासून ५ वर्षांच्या आत निदर्शनास आणलेला बांधकामातील दोष विकासकाने ३० दिवसांत विनामूल्य दूर केला पाहिजे. त्यानंतरची जबाबदारी गृहनिर्माण संस्थेची. राज्यातील सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार गच्चीची, बाहेरच्या भिंतींची आणि पावसाच्या पाण्यामुळे होणाऱ्या गळतीची दुरुस्ती संस्थेने आपल्या खर्चाने करावयाची आहे. वरच्या मजल्यावरील सभासदाने ती पदरमोड करून करावी, हा सर्रास चालणारा प्रकार उपविधींना धरून नाही. या कामासाठी बांधकामखर्चाच्या किमान ०.७५ टक्के दुरुस्ती निधी आणि किमान ०.२५ टक्के सिंकिंग फंड दरवर्षी गोळा करण्याची तरतूद आहे. १५ ते ३० वर्षे वयाच्या इमारतीचे ५ वर्षांतून एकदा आणि त्याहून जुन्या इमारतीचे ३ वर्षांतून एकदा स्ट्रक्चरल ऑडिट करावयाचे आहे.

कागदावर ही व्यवस्था चोख आहे. पण किती संस्था हा निधी नियमाने जमवितात? मासिक वर्गणी शंभर रुपयांनी वाढविण्याचा ठराव आला की सर्वसाधारण सभेत गदारोळ होतो, आणि तेच सभासद पावसाळ्यात ताडपत्रीवर हजारो रुपये घालवितात. भिवंडीत तर अनेक इमारतींना नोंदणीकृत संस्थाच नाही. तळमजल्यावर यंत्रमाग आणि वर बिऱ्हाडे, अशी वस्ती. अशा ठिकाणी गळती ही केवळ गैरसोय राहत नाही. पाणी सळईपर्यंत पोचले की ती गंजते, गंजून फुगते आणि भोवतालचे काँक्रीट फोडते. २१ सप्टेंबर २०२० रोजी पहाटे पटेल कंपाउंडमधील जिलानी ही १९८४ साली बांधलेली इमारत कोसळून सुमारे ४० जण मृत्युमुखी पडले. त्या दुर्घटनेचे खापर एकट्या गळतीवर फोडण्याचे कारण नाही. तथापि जुन्या इमारतीत झिरपणारे पाणी दुर्लक्षिणे म्हणजे कशाशी खेळणे आहे, याची जाणीव तिने करून द्यावयास हवी होती.

याच आदर्श उपविधींतील आणखी एक गोष्ट लक्षणीय आहे. संस्थेने इमारतीचा आग व भूकंप यांविरुद्ध विमा अवश्य उतरवावा, असे ते सांगतात. ज्या प्रदेशात वर्षाला सरासरी २५०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तेथे आवश्यक विम्यात आग आणि भूकंप यांचा उल्लेख असावा आणि पुराचा नसावा, हे आश्चर्य आहे. सहकार खात्याने ही उणीव दूर करावी. त्यासाठी नवी योजना नको. एका शब्दाची भर पुरेशी आहे.

विम्याबाहेरचे भिवंडीकर

ज्याने गृहकर्ज काढले आहे त्याच्या घराचा विमा बहुधा बँकेच्या आग्रहाने उतरविला जातो. तो बँकेच्या तारणाचे रक्षण करण्यासाठी असतो. पॉलिसीची प्रत कित्येक कर्जदारांनी पाहिलेलीही नसते. भाडेकरूची स्थिती याहून वाईट. इमारत त्याची नाही, म्हणून विमा आपला विषय नाही, असे तो समजतो. वस्तुतः केवळ घरसामानाचा विमा भाडेकरूलाही घेता येतो. यंत्रमागवाल्याची अडचण आणखी निराळी. घर आणि कारखाना एकाच भिंतीआड असला तरी विम्याच्या लेखी ते दोन आहेत. घरात ठेवलेली सुताची बाचकी किंवा कापडाचे तागे हे घरसामान नव्हे. त्यांच्यासाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी १ एप्रिल २०२१ पासूनच उपलब्ध आहे. शहराभोवतीच्या गोदामांतील मालाला विम्याचे कवच असते, आणि तो माल उतरविणाऱ्या हमालाची खोली त्याच पाण्यात बुडते, तेव्हा त्याला तलाठ्याच्या पंचनाम्याची वाट पाहावी लागते.

पुराचा धोका केवळ बाजारावर सोपवून भागत नाही, हे इतर देशांनीही ओळखले आहे. तो एकाच वेळी सगळ्या वस्तीवर येतो, म्हणून खाजगी कंपन्या त्यापासून दूर राहतात. अमेरिकेने १९६८ साली कायदा करून राष्ट्रीय पूरविमा योजना उभी केली. ब्रिटनमध्ये २०१६ पासून ‘फ्लड री’ या पुनर्विमा योजनेद्वारे पूरप्रवण घरांचे हप्ते आवाक्यात ठेवले जातात. आपल्याकडे नागालँड सरकारने २०२१ साली अतिवृष्टीचा निर्देशांकाधारित विमा घेतला. अशा विम्यात ठरलेल्या मर्यादेपेक्षा अधिक पाऊस झाला की, घरोघर पंचनामे न करता ठरलेली रक्कम मिळते. भिवंडी-निजामपूर महापालिकेने राज्य शासनाच्या साहाय्याने सखल वस्त्यांसाठी असा प्रयोग करून पाहण्यास हरकत नाही. केंद्र सरकारनेही आपला वाटा उचलावा. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विमा आणि आरोग्यविमा यांवरील वस्तू व सेवा कर माफ झाला, त्या वेळी घराच्या विम्यास ही सवलत मिळाली नाही. डोक्यावरचे छप्पर हे आरोग्याइतके निकडीचे नाही, असे कोणता अर्थमंत्री म्हणेल?

विमा कंपन्यांचे कर्तव्य यापेक्षा सोपे आहे. काय मिळणार नाही, हे त्यांनी पॉलिसीच्या पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत, मराठीत आणि भिवंडीसारख्या गावी उर्दूतही छापावे. ‘पाझर व जुनी गळती यांची भरपाई नाही’ हे एक वाक्य आधी सांगितले, तर नंतरचे निम्मे तंटे टळतील.

राहता राहिला घरमालक. नुकसान होताच त्याने कंपनीस लेखी कळवावे, छायाचित्रे काढून ठेवावी आणि सर्व्हेअर पाहून जाईपर्यंत भिजलेले सामान फेकून देऊ नये. पाणी कोणत्या वाटेने आले, याची नोंद त्याच दिवशी करावी. दावा नाकारला गेल्यास आधी कंपनीकडे लेखी तक्रार करावी. महिनाभरात समाधान न झाल्यास विमा लोकपालाकडे विनाशुल्क दाद मागता येते. पण हे सारे पुरासाठी. गळतीवर विम्याचा इलाज नाही आणि तो नसणेच योग्य आहे. तिचा इलाज संस्थेच्या सभेत मंजूर होणाऱ्या दुरुस्तीच्या ठरावातच आहे. तो ठराव पाऊस सुरू झाल्यावर मांडून उपयोग नाही. तो दिवाळीनंतर, छत कोरडे झाल्यावर मांडला पाहिजे आणि मेअखेरपर्यंत काम पुरे झाले पाहिजे.